कॅमेरा ठेवायचा कुठे?

सायकलवर कॅमेरा न्यायचा तर तो ठेवायचा कुठे, या प्रश्नाला जगात आजवर चारच उत्तरं सापडली आहेत. गळ्यात, पाठीवर, हँडलला किंवा कॅरिअरवर. चारही उत्तरांत खोट आहे. गळ्यात अडकवला तर तो वाकल्यावर लोंबकळतो आणि प्रत्येक पायडलला गुडघ्यावर आपटतो. पाठीवरच्या पिशवीत घातला तर पाठ घामाने चिंब होते, आणि समोर नीलगाय उभी असली तरी पिशवी उतरवून चेन उघडेपर्यंत ती पुढच्या वावरात गेलेली असते. हँडलला बांधला तर वळताना सायकल ओढ खाते. आणि कॅरिअरवर? कॅरिअरवर कॅमेरा बांधणाऱ्याने आमच्या आर्वी तालुक्यातल्या रस्त्यांवर एकदा यावं, एवढंच म्हणतो.

आर्वीत सायकल चालवणं म्हणजे काय, ते वर्धा जिल्ह्याबाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर, मधेच संत्र्याची बाग, आणि पायाखाली काळी माती. उन्हाळ्यात ही माती फुटून तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये जाऊन अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं. मग तुम्ही सायकलवर नसता, सायकल तुमच्यावर असते. देऊरवाड्याच्या पुलावरून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. दक्षिणेला पुलगाव, जिथून आर्वीपर्यंत साधारण पस्तीस किलोमीटरची छोटी रेल्वे यायची. दोन रुळांत अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला टाकलेली. गाडी कधीच बंद पडली. मी गेली काही वर्षं त्या मार्गाचे, आजूबाजूच्या गावांचे फोटो काढत सायकलने फिरतो आहे, आणि त्या निमित्ताने 'ठेवायचा कुठे' हा प्रश्न माझ्या मागे लागला. शोधत गेलो तेव्हा कळलं, हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याने कॅमेऱ्याचा इतिहास बराच वळवला आहे.

सुरुवात १८८८ सालापासून करू. त्या एकाच वर्षी दोन गोष्टी झाल्या. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. हा टायर त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी बनवला होता. आणि तिकडे अमेरिकेत रॉचेस्टरला जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक विकायला काढला. शंभर फोटोंचा रोल आतच भरलेला, किंमत पंचवीस डॉलर. रोल संपला की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा.

एरवी या दोन बातम्या एकत्र कोणी वाचत नाही. पण वाचायला हव्यात. त्याआधी फोटोग्राफरचं सामान म्हणजे काचेच्या प्लेटा. भरीव रबराच्या किंवा त्याहून जुन्या लोखंडी पट्टीच्या चाकावर काच न्यायची म्हणजे संध्याकाळी चुरा घेऊन घरी यायचं. एका वर्षात चाकाखालचा रस्ता मऊ झाला आणि कॅमेऱ्यातली काच जाऊन तिथे गुंडाळी आली. सायकल आणि कॅमेरा यांचं लग्न लागायचं होतं, त्याला दोन्हीकडची मंडळी एकाच साली तयार झाली.

लग्न लागलंही लगेच. १८९० मध्ये थॉमस अ‍ॅलन आणि विल्यम साक्टलेबेन ही सेंट लुईसची दोन पोरं पदवी मिळाल्याबरोबर सायकलने जगाच्या फेरीला निघाली. त्यातला सगळ्यात अवघड टप्पा कॉन्स्टँटिनोपल ते पेकिंग. चीन ओलांडायला निघताना त्यांनी ओझं इतकं कमी केलं की हँडलबारची आणि सीटच्या दांड्याची जास्तीची टोकंसुद्धा कापून टाकली. लोखंडाचे ते तुकडे किती वजनाचे असतील? पण कोडॅक मात्र टाकला नाही. प्रवासात त्यांनी अडीच हजारांच्या आसपास फोटो काढले. त्यातल्या काही शे निगेटिव्ह आज लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात आहेत. ऑटोमन तुर्कस्तानातली १८९१ सालची गावं, बाजार, सायकलभोवती जमलेली गर्दी. त्यातली कित्येक माणसं पुढच्या पंचवीस वर्षांत युद्धात, कत्तलीत, विस्थापनात नाहीशी झाली. टोकं कापली नसती आणि कॅमेरा टाकला असता तर आज आपल्याकडे काय उरलं असतं, याचा विचार मी अनेकदा करतो. सायकलच्या नळीचे तुकडे!

त्याच सुमारास पिट्सबर्गचा फ्रँक लेन्झ एकटाच निघाला. १८९२ साल. याचा कॅमेरा कोडॅकपेक्षा मोठा आणि जड, तो त्याने पाठीवर बांधला. अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश करत तो भारतात आला आणि कलकत्त्याहून ग्रँड ट्रंक रोडने उत्तर हिंदुस्थान ओलांडून पुढे इराणात गेला. १८९४ च्या मे महिन्यात पूर्व तुर्कस्तानात एर्झुरूमच्या अलीकडे तो नाहीसा झाला. शोध घ्यायला कोण गेलं? तोच साक्टलेबेन. खून झाला हे कळलं, माणूस मिळाला नाही. लेन्झचे फोटो वाटेतून मासिकाकडे जात राहिले होते, म्हणून ते वाचले. पाठीवर कॅमेरा बांधलेला माणूस दुरून श्रीमंत दिसतो, हाही या इतिहासातला एक धडा आहे, आणि तो आजच्या दीड लाखाच्या लेन्सवाल्यांनाही लागू आहे.

आपल्याकडे कॅमेरा घेऊन सायकलने सगळ्यात जास्त फिरलेलं जोडपं म्हणजे फॅनी बुलक वर्कमन आणि तिचा डॉक्टर नवरा विल्यम. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिलोनपासून त्यांनी जी सायकल मारली, तिचा हिशेब त्यांच्या पुस्तकाच्या नावातच आहे : चौदा हजार मैल. १९०४ साली निघालेल्या त्या पुस्तकात दोनशेच्या आसपास चित्रं आहेत. बाई लांब स्कर्ट घालून सायकल चालवायच्या. पुढे त्या हिमालयात चढाईला गेल्या आणि तिकडेच नाव कमावलं. त्यांच्या पुस्तकातली भाषा गोऱ्या साहेबिणीची आहे, नोकरांवर वैताग पानोपानी. पण देवळं पाहायची नजर पक्की होती, हे मान्य करावं लागतं.

आता कारखानदारांकडे वळू, कारण इथे गंमत आहे. १८९० च्या दशकात अमेरिकेत सायकलचं खूळ असं पसरलं की कॅमेरे बनवणाऱ्यांनी सायकलवाल्यांसाठीच मालिका काढल्या. 'सायकल पोको' नावाचा एक कॅमेरा होता. घडी केला की चपटी पेटी, चामड्याच्या केसमध्ये घालून सायकलच्या दांड्यांमधल्या त्रिकोणात बसवायची. ईस्टमनने 'बायसिकल कोडॅक' म्हणून जाहिराती केल्या. हँडलला घट्ट बसणारी क्लॅम्पही मिळे, तिच्यावर कॅमेरा बसवला की सायकलच स्टँड. म्हणजे आपण आज ऑनलाइन जी 'माउंट' मागवतो, ती आजोबांच्या आजोबांच्या काळातली वस्तू आहे.

आणि न्यूयॉर्कमध्ये फोल्मर आणि श्विंग नावाची एक कंपनी होती. धंदा मूळचा गॅसबत्त्यांचा. विजेने गॅस मागे पडू लागल्यावर हे लोक सायकलीत शिरले. सायकलींच्या जोडीला कॅमेरे विकता विकता त्यांच्या लक्षात आलं की सायकली सगळेच करतात, कॅमेऱ्यात जास्त राम आहे. मग त्यांनी स्वतःचे कॅमेरे बनवायला सुरुवात केली, आणि एकाचं नाव ठेवलं 'सायकल ग्राफिक'. १९०५ मध्ये ईस्टमनने ही कंपनी विकत घेतली. १९१२ मध्ये याच घराण्यातून 'स्पीड ग्राफिक' आला, तो जुन्या अमेरिकन सिनेमांत वार्ताहरांच्या हातात दिसतो ना, मोठ्या चकाकत्या फ्लॅशवाला, तोच. हे नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळाने दिल्लीत भेटेल.

मधे एक वाक्य ओस्कर बार्नाकसाठी. जर्मनीतल्या या कारागिराला दम्याचा त्रास होता. जड प्लेट कॅमेरा घेऊन डोंगर चढवेना, म्हणून त्याने सिनेमाच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवर चालणारा खिशातला कॅमेरा बनवला, आणि १९२५ मध्ये तो लायका या नावाने बाजारात आला. वाहून नेणं जमत नाही या एका कारणाने किती शोध लागले आहेत, याची कोणी यादी केली पाहिजे.

भारतीयांनी सायकलवरून जग पाहायला सुरुवात केली ती मुंबईतून. १५ ऑक्टोबर १९२३ ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा या तिघांनी फेरी पुरी केली आणि १८ मार्च १९२८ ला ते मुंबईत परतले. ७१,००० किलोमीटर. त्यांच्यानंतर फ्रामरोझ दावर निघाले, सहारा आणि अ‍ॅमेझॉनचं खोरं ओलांडून आले. १९३३ मध्ये आणखी तिघे निघाले, ते १९४२ मध्ये परतले, महायुद्धाच्या ऐन मध्यात. एवढं सगळं करूनही ही नावं मराठी शाळेच्या कुठल्याही पुस्तकात मी वाचली नाहीत. ती पुन्हा वर आली, कारण गोव्यातल्या अनूप बबानी आणि साविया व्हिएगस या दोघांनी जुनी पुस्तकं, घराघरांतले फोटो धुंडाळले, प्रदर्शन भरवलं, पुस्तक केलं. त्या फोटोंत वाळवंटात उभी असलेली सोला हॅटवाली पोरं दिसली, तेव्हा लोकांचा विश्वास बसला. लिहिलेल्या शब्दावर आपण शंका घेतो. सायकल धरून उभ्या असलेल्या माणसावर घेत नाही.

आता आमच्या जिल्ह्यात येऊ. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले, पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. आर्वीहून ते सायकलने एका दिवसात गाठता येतं, मी गाठलं आहे, परत येताना मात्र एसटीच्या टपावर सायकल टाकली. आश्रमात गांधीजींचा नातेवाईक असलेला कनू गांधी हा तरुण काम करायचा. त्याला फोटो काढायचा छंद लागला. कॅमेऱ्याला पैसे मागितले तर बापूंनी नाही म्हटलं. शेवटी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलिफ्लेक्स आणि रोल आले. बापूंनी तीन अटी घातल्या : फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रम खर्च करणार नाही. या अटींतून जे फोटो झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, काढणाऱ्याचं नाव न वाचता.

रोलिफ्लेक्सबद्दल एक सांगायचं राहिलं. दोन डोळ्यांचा हा कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली त्याच्या काचेत बघायचं असतं. म्हणजे तो गळ्यात घालायचा, पण टेकतो पोटावर. वजन किलोभर. फोटो काढताना माणूस समोरच्यावर डोळे रोखत नाही, मान खाली घालतो. आश्रमात ही नम्र ठेवण शोभून दिसली असणार. सायकलवाल्यांच्या दृष्टीने याच घडणीचा दुसरा फायदा होता, त्याच्याकडे येतोच.

दिल्ली. १९४२ मध्ये होमाई व्यारावाला मुंबईहून तिथे गेल्या, ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीवर. जन्म नवसारीचा, १९१३ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून आले. देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार, साडी नेसून, सामान घेऊन, सायकलवर दिल्लीभर फिरायची. त्या सामानात एक रोलिफ्लेक्स असे. आणि दुसरा? स्पीड ग्राफिक. सायकलींच्या दुकानातून जन्मलेलं घराणं असं चाळीस वर्षांनी, सात समुद्र ओलांडून, पुन्हा सायकलवर आलं. अडीच-तीन किलोचा लाकूड-चामड्याचा डबा, शिवाय फिल्मचे होल्डर, शिवाय फ्लॅशचे बल्ब. आणि साडीचा पदर चेनमध्ये जाऊ द्यायचा नाही, हे वेगळंच.

फाळणीच्या योजनेवर हात वर करणारे काँग्रेसचे नेते, १५ ऑगस्टचा लाल किल्ला, नेहरूंनी हवेत सोडलेलं कबुतर, हे त्यांचे फोटो. ३० जानेवारी १९४८ ला त्या बिर्ला हाउसच्या प्रार्थनेला निघाल्या होत्या, तेवढ्यात नवऱ्याने परत बोलावलं, उद्या दोघे मिळून जाऊ म्हणून. ती हळहळ त्यांनी पुढे मुलाखतींत बोलून दाखवली. त्यांचं टोपणनाव 'डालडा १३' होतं, पहिल्या मोटारीच्या नंबरावरून पडलेलं. लोक मोटारीची ती गोष्ट आवडीने सांगतात. मला त्याआधीची सायकल महत्त्वाची वाटते. मोटार घेण्याआधीच त्यांनी दिल्ली पायडल मारून पाठ केली होती. १९७० मध्ये त्यांनी काम थांबवलं, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाला, आणि जानेवारी २०१२ मध्ये त्या वडोद्यात गेल्या.

मोठ्या नावांचा इतिहास इथवर. पण सायकलवर कॅमेरा नेण्यात माणसाचं खरोखर काय पणाला लागतं, हे मला कळलं ते यांच्यापैकी कोणाकडून नाही. ते कळलं आमच्या मोठ्या काकांकडून.

काका आर्वीत फोटोचा धंदा करायचे. स्टुडिओ म्हणजे एक खोली, मागे रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल आणि शेजारी काहीही संबंध नसलेला धबधबा. कॅमेरा यशिकाचा, दोन डोळ्यांचा, रोलिफ्लेक्सच्या घडणीवरचा जपानी. विदर्भातल्या किती स्टुडिओंचे संसार त्या यशिकाने चालवले असतील! एका रोलमध्ये बारा फोटो. बारावा काढला की खेळ खलास. त्यामुळे काका बटण दाबण्याआधी तोंडातल्या तोंडात आकडा म्हणायचे.

पण धंदा खोलीत थोडा आणि खोलीबाहेर जास्त. लग्न, बारसं, शाळेचा ग्रुप फोटो, पुढे १९९३ नंतर शेषनसाहेबांच्या मतदार ओळखपत्रांनी गावोगावी फोटोची गरज अचानक वाढली. विरुळ, रोहणा, धनोडी, नदीपार कौंडण्यपूर, पालखीच्या दिवसांत तर हमखास. हे सगळं हर्क्युलिसच्या काळ्या सायकलवर. आणि यात एक काम असं होतं, ज्याला वेळ देता येत नसे आणि जे पुन्हा काढता येत नसे.

मयताचा फोटो.

आज फोनमध्ये प्रत्येकाचे चार-पाचशे फोटो असतात, त्यामुळे हे समजायला जड जाईल. पन्नास-साठ वर्षांपूर्वी खेड्यातल्या कित्येक माणसांचा, विशेषतः बायकांचा, आयुष्यात एकही फोटो निघालेला नसे. माणूस गेलं की घरच्यांना एकदम आठवायचं, आपल्याकडे हिचा चेहराच नाही. मग गावातला एखादा पोरगा सायकल मारत आर्वीला यायचा आणि दारातूनच सांगायचा. काका हातातलं ताट बाजूला सारायचे. उन्हाळ्याचे दिवस, बेचाळीस-पंचेचाळीस अंश ऊन, मयत जास्त वेळ ठेवता येत नाही. पाहुणे जमले की उचलणार. पंधरा-वीस किलोमीटर कच्चा रस्ता दीड तासात तुडवायचा, आणि पोहोचल्यावर कॅमेरा चालायला हवा. लेन्स हलली असेल, स्क्रू ढिला झाला असेल, शटर अडकलं असेल तर त्या घरात जाऊन काय सांगणार?

म्हणून काकांची कॅमेरा बांधायची एक पद्धत होती. तिला ते शास्त्र वगैरे म्हणत नसत. यशिका आधी तिच्या चामड्याच्या केसमध्ये. केसभोवती जुन्या टॉवेलचे दोन वेढे. ते सगळं कापडी झोळीत, झोळी उजव्या खांद्यावरून तिरपी डाव्या कुशीखाली. इथपर्यंत कोणीही करेल. खरी युक्ती पुढे. पांढरा दुपट्टा घेऊन तो झोळीवरून छातीभोवती आवळायचा आणि गाठ उजव्या बाजूला मारायची. त्यामुळे वाकलं तरी कॅमेरा पुढे येत नाही, उभं राहून पायडल मारलं तरी झुलत नाही. तो बरगडीशी चिकटून राहतो, झोपलेल्या लेकरासारखा. खेड्यातल्या बायका वावरात जाताना पोराला तसंच बांधतात. स्टँड आणि फ्लॅश मात्र कॅरिअरवर, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून. रोल शर्टाच्या आतल्या खिशात. कॅरिअरवरचा लोखंडी डबा उन्हात तव्यासारखा तापतो आणि आतली फिल्म नासते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी लहान असताना एकदा विचारलं होतं की कॅरिअर रिकामंच असतं, मग कॅमेरा तिथे का नाही. तर म्हणाले, "कॅरिअरवर कायले ठेवू बापू? तिथं खालून दणका थेट लागते. आंगावर ठेवला त आंग दणका खाते, कॅमेरा नाही खात. आपल्या आंगाइतकी चांगली स्प्रिंग कोणती हाय?"

पुढे कधीतरी मी याचा अर्थ नीट लावला. मागचं चाक खड्ड्यात जातं तेव्हा धक्का चाकातून दांड्यात, दांड्यातून कॅरिअरमध्ये सरळ चढतो, मधे अडवणारं काही नाही. सीटला निदान स्प्रिंगा असतात. तिथून तो माणसाच्या बुडात, मणक्यात, खांद्यात येता येता विरतो. खड्डा दिसला की आपण नकळत पाय ताणून सीटवरून इंचभर उठतो, तेव्हा गुडघे शॉक अ‍ॅब्सॉर्बर होतात. बारीक, सतत चालणारी थरथर तर मोठ्या दणक्याहून वाईट. तिने स्क्रू आपोआप सुटत जातात. अंगाचं मांस ती थरथर पिऊन टाकतं. लेन्झने पाठीवर घेतलं, काकांनी बरगडीशी घेतलं, दोघांनी कॅमेऱ्याला अंगावर जागा दिली.

पोहोचल्यावर काय व्हायचं, तेही सांगतो. मयताला भिंतीशी टेकवून किंवा डोक्याखाली उशी घेऊन थोडं उचलत. कोणीतरी केस सारखे करायचं, कुंकू लावायचं. रडणाऱ्या बायका क्षणभर गप्प व्हायच्या, आणि तेवढ्यात काका मान खाली घालून काचेत बघायचे. यशिकाचा दुसरा फायदा तो हाच. ते म्हणायचे, त्या घरात डोळ्याला कॅमेरा लावून समोर उभं राहणं मले जमलं नसतं. इथे मान आपोआप खाली जाते. दोनच फोटो काढायचे, तिसरा नाही. पैसे त्या दिवशी मागायचे नाहीत.

मग आर्वीत परतून रात्री निगेटिव्ह धुवायची, आणि खरं काम तिथे सुरू. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने, मग छापलेल्या फोटोवर ब्रशने, मिटलेले डोळे उघडायचे. बाहुली काढायची, तिच्यात उजेडाचा एक ठिपका ठेवायचा. चेहरा कसा होता हे विचारायला घरच्यांना बोलवावं लागे. कोणी म्हणे डोळे घारे होते, कोणी म्हणे छे, काळेच. तेराव्याच्या आत फोटो फ्रेम होऊन हाराखाली गेला पाहिजे. आमच्या घरात भिंतीवर पणजीचा फोटो आहे, तोही असाच. तिचे डोळे काकांनी काढलेले आहेत. आईच्या मते ते जरा मोठेच झालेत, पणजी इतकी टक लावून कधी बघायची नाही. पण आम्हा भावंडांना पणजी म्हणजे तेच डोळे.

हर्क्युलिस गेली, मग लुना आली, मग काकांच्या पोराने मोटारसायकल घेतली. यशिका कपाटात. डिजिटल आल्यावर पडद्यावरचा ताजमहाल उतरला. मयताचे फोटो आता कोणी बोलवून काढत नाही, फोनमधला एखादा लग्नातला चेहरा कापून, मागचं पुसून, मोठा करून देतात. डोळे उघडेच असतात.

सायकलवाल्यांचा प्रश्न मात्र तसाच उरला, फक्त जागा बदलली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये एकटी जगभर सायकलने फिरली, २९,००० किलोमीटर, १५९ दिवस. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटली गेली तरी पुढे गेली. अशा प्रवासात आता फोटो हौसेचा नसतो, आपण खरंच तिथे होतो याचा पुरावा असतो. न्यूयॉर्कच्या बिल कनिंगहॅमने तर आयुष्यभर रस्त्यावरचे कपडे सायकलवरून टिपले. कॅमेरा गळ्यात, निळं जॅकेट अंगात. त्याच्यावरच्या माहितीपटात सांगितलंय की त्याच्या अठ्ठावीस सायकली चोरीला गेल्या. कॅमेरा अंगावरच असायचा.

आणि तुम्ही आम्ही? आपण फोन हँडलला लावतो. नकाशा दिसावा, व्हिडिओ निघावा म्हणून. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने एक सूचना काढली होती : मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरदार थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातली फोटो स्थिर ठेवणारी आणि फोकस साधणारी यंत्रणा बिघडू शकते, तेव्हा फोन थेट हँडलला लावू नये. स्कूटर-मोपेडवर लावायचाच तर निदान थरथर शोषणारी माउंट वापरावी. कारण सोपं आहे, फोनच्या लेन्समागे चुंबकांवर तरंगणारा एक इवलासा भाग असतो, हात हलला की तो उलट हलतो. सायकलला इंजिन नाही, पण आमच्या रस्त्यांनी ती कसर भरून काढली आहे. ही सूचना मी काकांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, "याले दुपट्टा किती लागन?"

माझा कॅमेरा सेकंडहँड डीएसएलआर आहे, लेन्ससह सव्वा किलो. बाजारात कॅमेरा अंगाशी आवळून धरणारे तिरपे पट्टे मिळतात, त्यांना छातीवरून जाणारा दुसरा आडवा पट्टा असतो. दोन-अडीच हजारांच्या पुढे. घेतला होता. चांगला आहे, फक्त मे महिन्यात त्याचं नायलॉन मानेला कापतं. म्हणून खाली तो पट्टा आणि वरून सुती दुपट्टा, गाठ उजवीकडे, कॅमेरा डाव्या कुशीला, लेन्स मागच्या बाजूला तोंड करून. डाव्या बाजूला का, तर सायकलवरून आपण डावीकडे उतरतो आणि पडलो तर बहुधा उजवीकडे, डांबराच्या बाजूला, पडतो. हे माझं म्हणणं. काकांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, डावीकडे असला की कोणत्या घरी चाललो ते विसरायला होत नाही.

गेल्या महिन्यात विरुळच्या बाजूला गेलो होतो. गवतातून जुन्या रुळाचा एक तुकडा अजून निघालेला आहे, कोणीतरी त्याला बैल बांधला होता. पांढरा गौळाऊ, आमच्या या आर्वी भागातलीच जात. मी सायकल बाभळीला टेकवली, गाठ सोडली, मान खाली घालायला डीएसएलआरमध्ये काच नसते म्हणून गुडघ्यावर बसलो. बैलाचे तीन फोटो काढले. मालक आला, म्हणाला, बैलाचा काढला तर आमच्या बुढीचाही काढा, ती घरीच आहे, अजून एकही नाही तिचा.

बुढी ओसरीत बसली होती. डोळे घारे.